सर्दी-खोकल्याची औषधे: कोणी घ्यावीत, कोणी टाळावीत आणि बाटलीवर काय वाचावे?

पावसाळा सुरू झाला किंवा थंडी पडली की जवळजवळ प्रत्येक घरात कोणाला तरी सर्दी-खोकला होतो. अशा वेळी आपण मेडिकलमधून ‘खोकल्याचे चांगले औषध’ मागून आणतो, किंवा मागच्या वेळची फ्रिजवर ठेवलेली अर्धी बाटली काढतो. ही औषधे सहज मिळतात, म्हणून ती निरुपद्रवी आहेत असा समज होतो. तो खरा नाही. ही औषधे सर्दी बरी करत नाहीत, फक्त काही लक्षणे थोडी कमी करतात. त्यामुळे प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायला हवा: मिळणारा आराम पत्करलेल्या धोक्याच्या मानाने पुरेसा आहे का? पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे.

सर्दी-खोकला औषधाने बरा होतो का?

साधी सर्दी विषाणूंमुळे होते. सर्दी निर्माण करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांना मारणारे औषध कफ सिरपमध्ये नसते. शरीर स्वतःच त्यांचा बंदोबस्त करते. त्याला साधारण ७ ते १० दिवस लागतात. खोकला त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, कारण श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची सूज उतरायला वेळ लागतो.

लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. बालवाडी किंवा शाळा नुकतीच सुरू झाली असेल, तर त्याहून जास्त वेळाही होते. याचा अर्थ मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असा होत नाही.

खोकला हा शरीराचा संरक्षणाचा मार्ग आहे. कफ बाहेर टाकण्यासाठी आणि फुप्फुसे स्वच्छ ठेवण्यासाठी तो लागतो. म्हणून खोकला पूर्ण बंद करणे हे उपचाराचे ध्येय नसते. रुग्णाला खाता-पिता यावे, झोप मिळावी आणि श्वास नीट घेता यावा, इतके पुरेसे आहे.

बाटलीत नेमके काय असते?

‘कफ सिरप’ हे एका औषधाचे नाव नाही. एका बाटलीत अनेकदा तीन-चार औषधे एकत्र असतात. नेहमी आढळणारे घटक पुढीलप्रमाणे:

• क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन: वाहणारे नाक आणि शिंका थोड्या कमी होतात. गुंगी येते, तोंड कोरडे पडते. लहान मुलांमध्ये कधी उलट परिणाम होऊन मूल चिडचिडे आणि अस्वस्थ होते.

• फेनिलएफ्रिन: चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी गोळ्यांत घालतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने, तोंडाने घेतलेले फेनिलएफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष काढला. मात्र रक्तदाब वाढण्याची शक्यता राहते.

• डेक्स्ट्रोमेथॉर्फन: मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करते. कोरड्या खोकल्यासाठी देतात. नैराश्याची काही औषधे चालू असतील, तर ते घेणे धोक्याचे ठरू शकते.

• कोडीन: अफूच्या गटातील औषध. काही जणांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर होते आणि श्वास मंदावतो. १२ वर्षांखालील मुलांना आणि स्तनपान देणाऱ्या मातांना ते देऊ नये. याची सवयही लागते.

• अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन: कफ पातळ करण्यासाठी. साध्या सर्दीत यांचा फायदा फार थोडा असतो.

• टर्ब्युटालिन, लेव्होसाल्ब्युटामॉल: ही दम्याची औषधे आहेत. आपल्याकडील अनेक ‘कफ पातळ करणाऱ्या’ सिरपमध्ये ती असतात. दमा नसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होत नाही, पण हात थरथरणे आणि छातीत धडधडणे मात्र होऊ शकते.

गोम अशी की कोरडा खोकला दाबणारे औषध आणि कफ पातळ करणारे औषध काही वेळा एकाच बाटलीत किंवा दोन वेगळ्या बाटल्यांतून एकाच वेळी घेतले जाते. कफ सुटा करायचा आणि तो बाहेर टाकणारा खोकला दाबायचा, याला अर्थ नाही.

लहान मुलांना कफ सिरप का नको?

पहिले कारण असे की लहान मुलांमध्ये या औषधांचा ठोस फायदा दिसलेला नाही. औषध दिलेली आणि न दिलेली मुले साधारण तितक्याच दिवसांत बरी होतात.

दुसरे कारण मात्रेचे आहे. मुलाचे वजन कमी असते, यकृत आणि मूत्रपिंडे अजून वाढत असतात. मोठ्यांना किरकोळ वाटणारी चूक मुलाला जड जाते. अतिगुंगी, श्वास मंदावणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि झटके हे परिणाम दिसू शकतात.

म्हणूनच केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना स्पष्ट सूचना दिली: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत किंवा विकू नयेत. पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. त्याहून मोठ्या मुलांना द्यायची झाल्यास तपासणी करून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि अनेक औषधांचे मिश्रण टाळून द्यावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांच्या मिश्रणाच्या औषधांवर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये’ असा इशारा छापण्याचे निर्देश देण्यात आले होते.

छिंदवाड्यात काय घडले?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले दगावली. बहुतेकांना साधी सर्दी, खोकला आणि ताप होता. औषध घेतल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी होत गेली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्यांनी घेतलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या नमुन्यात तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. औषधात याची मर्यादा जेमतेम ०.१ टक्का आहे.

डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे रसायन आहे. ते रंगहीन, घट्टसर आणि चवीला गोड असते. सिरपमध्ये औषध विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. कच्चा माल औषधाच्या दर्जाचा नसेल आणि वापरण्यापूर्वी त्याची तपासणी झाली नाही, तर हे विष त्यातून बाटलीत येते. शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारे पदार्थ मूत्रपिंडाच्या पेशी नष्ट करतात.

अशी ही पहिली वेळ नव्हती. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबाबत इशारा दिला. त्याच वर्षी इंडोनेशियातही दूषित सिरपमुळे दोनशेच्या आसपास मुले गेली.

प्रत्येक बाटलीत विष असते असा याचा अर्थ नाही. पण दूषित बाटली रंग, वास किंवा चव पाहून घरी ओळखता येत नाही. डॉक्टरलाही ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. ती जबाबदारी उत्पादकाची आणि औषध प्रशासनाची आहे. तुमच्या हातात एकच गोष्ट उरते: ज्या औषधाची मुलाला गरज नाही, ते त्याला न देणे.

मुलाने कोणतेही सिरप घेतल्यानंतर वारंवार उलट्या, पोटदुखी, लघवी खूप कमी होणे किंवा आठ-दहा तास अजिबात न होणे, अंगावर सूज, गुंगी किंवा वेगाने श्वास अशी लक्षणे दिसली, तर औषध लगेच थांबवा. बाटली फेकू नका, ती सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. वेळेत डायलिसिस सुरू झाल्यास जीव वाचू शकतो.

मग मुलाला काय द्यावे?

‘काहीच द्यायचे नाही’ असे ऐकल्यावर पालक अस्वस्थ होतात, आणि ते साहजिक आहे. पण करण्यासारखे बरेच आहे.

• पातळ पदार्थ: अंगावरचे दूध थोड्या थोड्या वेळाने पाजत राहा. सहा महिन्यांवरील बाळाला कोमट पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी, सूप द्या. सर्दीत भूक कमी होते, जबरदस्तीने भरवू नका.

• सलाइनचे नाकाचे थेंब: मेडिकलमध्ये साध्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाका. नाक मोकळे झाले की बाळ नीट दूध पिते. थेंब घेताना ‘फक्त सलाइन’ असल्याची खात्री करा. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचे थेंब वेगळे असतात.

• मध: एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध दिल्यास रात्रीचा खोकला कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मध बोटावरही चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटी उगाळताना मध वापरायची पद्धत असेल, तर ती थांबवा.

• ताप असल्यास: मूल अस्वस्थ असेल, तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले फक्त पॅरासिटामॉल. तापासाठी मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे.

घरगुती उपाय: कोणते चालतील, कोणते नको?

आल्याचा किंवा गवती चहा, हळदीचे दूध, तुळशीचा काढा हे मोठ्यांनी प्रमाणात घ्यायला हरकत नाही. घशाला ऊब मिळते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्याही चांगल्या. ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर खाल्ल्यास रक्तदाब वाढतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे.

पुढील गोष्टी मात्र टाळाच:

• कापूर: बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी कापराची पुरचुंडी बांधू नका. कापराचा छोटा तुकडाही बाळाने गिळला, तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, आणि मोठ्या मुलांच्याही नाकाखाली किंवा नाकात लावू नये.

• नाकात तेल घालणे: तेल श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास एक प्रकारचा न्यूमोनिया होतो.

• धुरी: शेगडीवर ओवा, वावडिंग टाकून बाळाला दिलेल्या धुराने श्वासनलिकेला आणखी त्रास होतो. घरात बिडी-सिगारेटचा धूरही नको.

• ब्रँडी: एक चमचाही नको. मद्यामुळे बाळाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

• उकळत्या पाण्याचा वाफारा: लहान मुलांना देऊ नका. पातेले कलंडून गंभीर भाजते. मोठ्यांनी घ्यायचा असेल तर पातेले स्थिर जागी ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.

मात्रेची चूक कशी होते?

पॅरासिटामॉल हे योग्य मात्रेत सुरक्षित औषध आहे. पण ते वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते आणि गोंधळ इथेच होतो. १० किलो वजनाच्या मुलाला एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम लागते. आता हे पाहा:

• १२० मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटर म्हणजे १२० मिलिग्रॅम. बरोबर.
• २५० मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये तेच ५ मिलिलिटर म्हणजे २५० मिलिग्रॅम. जवळपास दुप्पट.
• १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे ५ मिलिलिटर दिले, तर ५०० मिलिग्रॅम. म्हणजे मोठ्या माणसाची मात्रा.

म्हणून ‘एक चमचा’ असे लक्षात ठेवू नका. किती मिलिलिटर आणि कोणत्या तीव्रतेचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वयंपाकघरातील चमचे सारख्या मापाचे नसतात, तेव्हा बाटलीसोबतचे मापाचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नका. आईने दिले आणि आजीनेही दिले, असे होऊ नये म्हणून वेळ कागदावर लिहून ठेवा.

मोठ्यांनी काय काळजी घ्यावी?

मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. समजा, ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तुम्ही दिवसातून तीनदा घेतली आणि तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा. एकूण ४,१०० मिलिग्रॅम झाले. निरोगी प्रौढ व्यक्तीची मर्यादा दिवसाला ४,००० मिलिग्रॅम आहे. दारू पिणाऱ्यांसाठी, यकृताचा आजार असणाऱ्यांसाठी आणि कमी वजनाच्या व्यक्तींसाठी ती आणखी कमी आहे. ती ओलांडल्यास यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी काही जाणवतही नाही.

पुढील व्यक्तींनी दुकानातून परस्पर औषध घेऊ नये:

• उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणारे: नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब आणि ठोके वाढू शकतात.
• प्रोस्टेटचा त्रास असणारे: क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाने लघवी अडकू शकते.
• काचबिंदू असणारे: काही प्रकारांत डोळ्याचा दाब अचानक वाढतो.
• मधुमेही: अनेक सिरपमध्ये भरपूर साखर असते.
• गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया.
• झोपेची, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारे.

गुंगी आणणारे औषध घेऊन गाडी, ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवू नका. त्यासोबत दारू अजिबात नको. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यापुढे थेंब बंद करताच नाक पुन्हा चोंदते आणि माणूस महिनोन्‌महिने थेंबांवर अवलंबून राहतो.

औषध विकत घेताना

१. आजाराचे नाव सांगून औषध मागू नका, चिठ्ठी दाखवा. लेबलवर लाल पट्टा असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.
२. कागदाच्या पुडीत सुट्या, वेष्टन नसलेल्या गोळ्या घेऊ नका. त्यात काय आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.
३. ब्रँडच्या मोठ्या नावाखालील बारीक अक्षरांतील घटक वाचा. घरातील इतर औषधांशी ते जुळवून पाहा.
४. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत तपासा. बिल घ्या. एखादी बॅच परत मागवली गेली, तर याच क्रमांकावरून कळते.
५. एका मुलासाठी लिहिलेले औषध दुसऱ्याला देऊ नका. उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

औषधाने त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगा, किंवा भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मुलांना पुढीलपैकी काहीही असल्यास वाट पाहू नका:

• श्वास वेगाने चालणे. मूल शांत किंवा झोपेत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास हे धोक्याचे लक्षण आहे.
• पोट उडणे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे.
• ओठ किंवा नखे निळसर होणे.
• दूध न पिणे, सुस्त पडणे, झटके येणे.
• तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप.
• खेळता-खाता अचानक खोकल्याची उबळ येणे. शेंगदाण्यासारखी वस्तू श्वासनलिकेत अडकलेली असू शकते.

मोठ्यांनी दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त ताप असल्यास तपासून घ्यावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास सिरप बदलत बसू नका, क्षयरोगाची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल, तर त्यामुळेही कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेंबूड पिवळा-हिरवा झाला, आता अँटिबायोटिक लागेल का?
केवळ रंगावरून नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा रंग येतो. अँटिबायोटिक विषाणूंवर काम करत नाही.

आयुर्वेदिक कफ सिरप मुलांना चालेल का?
‘आयुर्वेदिक’ म्हणजे आपोआप सुरक्षित असे नाही. तेही द्रवरूप औषधच आहे. लहान मुलाला ते वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका.

सिरप दिल्यावर बाळ शांत झोपते, मग काय बिघडले?
ती झोप बहुधा औषधाच्या गुंगीची असते, आजार कमी झाल्याची नव्हे. गुंगीत असलेल्या बाळाचा श्वास बिघडल्यास ते लवकर लक्षात येत नाही. बाळाला झोपवण्यासाठी सिरप कधीही वापरू नका.

डॉक्टरांनी सिरप लिहिले नाही, तर आजार नीट पाहिला नाही असे वाटते. खरे तर मुलाचे श्वास मोजून, छाती तपासून ‘याला औषधाची गरज नाही’ असे सांगणे हाही उपचारच आहे. त्या वेळी डॉक्टरांना एवढेच विचारा: घरी काय करू, आणि कोणते लक्षण दिसले तर परत येऊ?